खुब्याचा सांधा बदलल्यानंतर पुन्हा ताकदीचा व्यायाम

कोल्हापुरात व्यायाम हा शब्द उच्चारला की आजही आधी तालीम डोळ्यांसमोर येते. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी यांसारख्या तालमींत तरुणपणी घाम गाळलेली, पुढे संसार आणि शेतीत गुंतूनही घरच्या घरी जोर-बैठका चालू ठेवलेली माणसे प्रत्येक पेठेत आणि पंचक्रोशीतल्या प्रत्येक गावात आहेत. अशा माणसाच्या खुब्याचा सांधा झिजतो, किंवा मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन ते डोके खचते, आणि कृत्रिम सांधा बसवावा लागतो, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘बैठका कधी सुरू करू?’ उत्तर बहुधा आठवड्यांत किंवा महिन्यांत मिळते. ते आवश्यक असले, तरी पुरेसे नाही. किती आठवडे उलटले यावरून जखम आणि हाड यांना कोणता भार चालेल, एवढेच कळते. तो भार पेलण्याइतके स्नायू तयार झाले आहेत की नाही, हे चालीवरून कळते. म्हणून या लेखात सांगितलेल्या सर्व गोष्टींच्या मुळाशी एकच नियम आहे: चालताना लंगड दिसत असेल, तोपर्यंत पायावरचे वजन वाढवायचे नाही.

हे विवेचन प्रामुख्याने खुब्याचा संपूर्ण सांधा बदललेल्यांसाठी आहे. पडल्यामुळे मांडीचे हाड मोडून त्यात रॉड किंवा प्लेट-स्क्रू बसवले असतील, तर हाड जुळल्याचे एक्स-रेवर दिसेपर्यंत भार किती टाकायचा याचा निर्णय पूर्णतः शल्यचिकित्सकांचा असतो. तिथे चाल सुधारली म्हणून पुढची पायरी गाठता येत नाही.

आधी विचारून घ्यायच्या गोष्टी

रुग्णालयातून घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर औषधांच्या वेळा असतात, पण व्यायामासाठी लागणारी माहिती अनेकदा नसते. ती विचारून, शक्यतो लिहून घ्यावी. सांध्यापर्यंत पोहोचण्यासाठी छेद मागून, बाजूने की पुढून घेतला, हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. मागून छेद घेतला असेल, तर खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवणे, पाय दुसऱ्या पायावरून पलीकडे नेणे आणि पाय आतल्या बाजूला वळवणे या तीन हालचाली, विशेषतः एकत्र घडल्या, तर सांधा निखळण्याचा धोका असतो. पुढून छेद घेतला असेल, तर धोका उलट बाजूचा, म्हणजे पाय फार मागे नेऊन बाहेर वळवण्याचा असतो. बाजूने छेद घेताना खुबा तोलून धरणाऱ्या स्नायूचा पुढचा भाग सोडवून पुन्हा शिवलेला असतो, त्यामुळे पाय जोर लावून बाजूला उचलण्याचा व्यायाम साधारण सहा आठवडे टाळायला सांगतात. एकाच वॉर्डातल्या दोन रुग्णांना दोन वेगळ्या सूचना मिळतात, त्या यामुळेच. शेजारच्या खाटेवरच्या पाहुण्याने काय केले, यावर आपला व्यायाम ठरवू नये.

दुसरा प्रश्न सिमेंटचा. सिमेंट वापरून बसवलेला सांधा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच घट्ट होतो. सिमेंटशिवाय बसवलेल्या सांध्याच्या खडबडीत पृष्ठभागात हाड हळूहळू वाढून तो पक्का होतो आणि त्याला साधारणतः सहा ते बारा आठवडे लागतात. दोन्ही प्रकारांत बहुतेकांना लगेच पायावर उभे करतात, पण सिमेंटशिवायच्या सांध्याला सुरुवातीला पिळाचा भार नको असतो. म्हणून पाय जमिनीवर रोवून कंबरेतून गर्रकन वळू नये, लहान पावले टाकत वळावे. याशिवाय, कोणत्या हालचाली किती काळ वर्ज्य आहेत, याची तारीखही विचारून घ्यावी. अलीकडे काही शल्यचिकित्सक हे निर्बंध बरेच सैल ठेवतात, पण कोणासाठी सैल ठेवायचे, हे त्यांनाच ठरवू द्यावे.

पहिले सहा आठवडे

या काळात ताकदीचा व्यायाम म्हणजे पावले वर-खाली करणे, गुडघ्याखाली टॉवेल ठेवून मांडी आवळणे, नितंब आवळून पाचपर्यंत मोजणे, टाच घसरवत पाय सांगितलेल्या मर्यादेत जवळ घेणे आणि चालणे. यापलीकडे काहीही करण्याची घाई नसावी. वॉकर सुटून काठी हातात आली, की ती शस्त्रक्रिया झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. पुष्कळ जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. दुखऱ्या पायावर शरीर तोलले जाते, तेव्हा त्या बाजूच्या खुब्याच्या स्नायूंना कंबर सरळ धरून ठेवण्यासाठी मोठा जोर लावावा लागतो. विरुद्ध हातातली काठी हा जोर कमी करते. जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना शस्त्रक्रिया झालेला पाय आधी टाकावा.

या आठवड्यांत नवा पाय लांब झाल्यासारखा अनेकांना वाटतो. आखडलेले स्नायू सैल होतील तसतसा हा भास बहुधा कमी होतो, तेव्हा स्वतःच्या मनाने दुसऱ्या चपलेखाली जाड तळवा लावून घेऊ नये.

घरातली बैठक मात्र बदलावी लागते. जमिनीवर मांडी घालून जेवणे, पाटावर बसणे, भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसणे हे सगळे या काळात बाजूला ठेवावे. मोटारसायकलवर टांग टाकून बसणे ही खुब्यासाठी अवघड हालचाल आहे, आणि गाडी कलली तर सगळा भार अचानक एका पायावर येतो. शल्यचिकित्सकांनी परवानगी दिल्यावरही सुरुवात कमी उंचीच्या स्कूटरने करावी.

लंगड घालवणे हाच पहिला मोठा व्यायाम

लंगड म्हणजे दुखणे नव्हे. दुखणे थांबल्यावरही महिनोन्‌महिने लंगड राहते, कारण शस्त्रक्रियेच्या आधी काही वर्षे वेदनेमुळे माणूस तो पाय चोरत असतो आणि खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू सुकलेले असतात. जर्मन शल्यचिकित्सक फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी 1895 मध्ये या स्नायूंची दुर्बलता ओळखण्याची जी पद्धत वर्णन केली, ती आजही वापरतात आणि घरीही करता येते. स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळ किंवा भक्कम टेबलाजवळ उभे राहावे, समोर आरसा असावा, दोन्ही हातांची बोटे आधारासाठी टेकवावीत आणि शस्त्रक्रिया झालेल्या पायावर उभे राहून दुसरा पाय थोडा उचलावा. उचललेल्या बाजूची कंबर खाली झुकली, किंवा ती झुकू नये म्हणून धड दुखऱ्या बाजूला कलले, तर स्नायू अजून तयार नाहीत. आधार जवळजवळ न घेता तीस सेकंद कंबर सरळ राहिली, तर पुढे जाण्यास हरकत नाही. चाल तपासण्यासाठी घरातल्या कोणाला तरी मागून मोबाईलवर चित्रण करायला सांगावे. स्वतःची लंगड स्वतःला जाणवत नाही, पण पडद्यावर ती स्पष्ट दिसते.

ही लंगड जाण्यासाठी चार-पाच साधे व्यायाम पुरतात, पण ते रोज आणि नेटके व्हायला हवेत. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणे हा पहिला. कंबर उचलताना पाठीची कमान न करता नितंबांनी जोर लावावा. दुसरा, ओट्याला धरून सरळ उभे राहून पाय बाजूला नेणे. यात एक बारकावा आहे: शस्त्रक्रिया झालेला पाय बाजूला नेण्यापेक्षा त्याच पायावर उभे राहून चांगला पाय बाजूला नेणे अधिक कठीण असते आणि चाल सुधारण्यासाठी अधिक उपयोगी पडते. म्हणून काही दिवसांनी दोन्ही करावेत. बाजूने छेद घेतलेल्यांनी हा व्यायाम मुदत संपल्यावरच सुरू करावा.

खुर्चीतून उठणे-बसणे हा मला यांतला सर्वांत मोलाचा व्यायाम वाटतो, कारण पुढच्या प्रत्येक बैठकीचा पाया त्यात घातला जातो. खुर्ची इतकी उंच असावी की बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतील. उंची कमी असेल तर उशी घालावी. उठताना माणूस नकळत सगळा भार चांगल्या पायावर टाकतो, आणि मग व्यायाम होतो तो नेमका ज्याला गरज नाही त्या पायाचा. हे ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे दोन्ही पायांखाली एकेक वजनकाटा ठेवून उठणे आणि कोणाला तरी दोन्ही आकडे वाचायला सांगणे. आकड्यांतला फरक किरकोळ होईपर्यंत खुर्चीची उंची कमी करू नये आणि हातात वजन घेऊ नये. याच्या जोडीला चार इंच उंचीच्या पायरीवर चढणे-उतरणे सुरू करावे. पायरी उतरताना गुडघा आत वळत नाही ना, हे पाहावे.

चालण्यासाठी रंकाळ्याकाठची वाट सपाट आणि सोयीची आहे, पण पावसाळ्यात ओल्या फरशीवर आणि शेवाळावर चालणे टाळून घराच्या व्हरांड्यात किंवा छपराखाली चालावे. साध्या चालण्यात खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. अडखळून तोल सावरताना तो सात-आठ पटींपर्यंत जाऊ शकतो. म्हणून जिममधल्या कोणत्याही वजनापेक्षा निसरडी चप्पल अधिक धोक्याची असते.

वजने हातात घेताना

साधारण तीन महिन्यांनी, शल्यचिकित्सकांची तपासणी आणि एक्स-रे झाल्यावर, लंगड गेली असेल तर खऱ्या अर्थाने वजनांचा व्यायाम सुरू करता येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या पायांसाठी क्रमाक्रमाने वजन वाढवण्याची पद्धत वापरली आणि 1945 मध्ये ती प्रसिद्ध केली. आज जिममध्ये ज्याला सेट म्हणतात, त्याची घडण बरीचशी शस्त्रक्रियेनंतरच्या सैनिकांच्या उपचारांतून झाली आहे. तेव्हा वजन उचलणे हे उपचाराच्या विरोधात नाही. ते क्रमाने झाले, तर तोही उपचारच आहे.

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून व्यायाम करावा. प्रत्येक प्रकाराचे दोन-तीन सेट, सेटमध्ये दहा ते पंधरा आवर्तने, आणि थांबताना आणखी तीन-चार सहज झाली असती असे वाटावे. सलग दोन वेळा तेच वजन चांगल्या पद्धतीने झाले, तरच पाच ते दहा टक्के वाढ करावी. श्वास कोंडून जोर लावू नये, उचलताना सोडावा. रक्तदाब असलेल्यांसाठी तर हे फारच महत्त्वाचे आहे.

खुर्चीवर बसून उठणे आता छातीशी डंबेल धरून करावे. चार-पाच किलोपासून सुरुवात पुरे. पुढे वाकून वजन उचलण्याच्या व्यायामात पाठ सरळ ठेवून कंबर मागे ढकलावी आणि हात गुडघ्याच्या किंचित खाली पोहोचले की परत यावे. जमिनीवरून वजन उचलण्याचा हट्ट धरू नये, ते ठोकळ्यावर ठेवावे. लेग प्रेसच्या यंत्रावर पाठीची टेक शक्य तितकी मागे झुकवावी आणि गुडघे छातीकडे येण्याआधीच थांबावे. या यंत्रात पाय खाली येताना खुबा काटकोनापेक्षा किती जास्त वाकतो, हे बसलेल्या माणसाला कळत नाही, त्यामुळे मर्यादेची खूण आधी शेजारी उभ्या असलेल्या जोडीदाराकडून करून घ्यावी. मांड्या एकमेकींकडे दाबण्याचे यंत्र मागून छेद घेतलेल्यांनी, डॉक्टरांनी मोकळीक दिल्याशिवाय, वापरू नये.

दोन्ही पायांनी एकत्र केलेला व्यायाम दुर्बल पायाची उणीव झाकतो. म्हणून व्यायामाच्या प्रत्येक दिवशी पायरी चढणे किंवा एका पायाने लेग प्रेस यांपैकी एक तरी व्यायाम एकेका पायाने करावा. किती वजन आणि किती आवर्तने, हे शस्त्रक्रिया झालेल्या पायाने ठरवावे आणि चांगल्या पायाने तेवढेच करून थांबावे. चांगल्या पायाला त्याच्या ताकदीप्रमाणे वाढू दिले, तर अंतर कधीच मिटत नाही. दोन्ही पायांची ताकद सारखी व्हायला एक वर्ष, काहींना त्याहूनही अधिक काळ लागतो, आणि त्यात वावगे काही नाही.

वेदनेचा अर्थ लावायला शिकावे लागते. नितंबात आणि मांडीत स्नायू थकल्याची जाणीव अपेक्षित आहे. दहापैकी तीनपर्यंतची, दुसऱ्या दिवशी सकाळी नाहीशी होणारी वेदनाही चालते. जांघेतली वेदना, किंवा व्यायामाच्या दिवशी संध्याकाळी परत आलेली लंगड चालत नाही. तसे झाले तर पुढच्या वेळी वजन निम्मे करावे. एकदाच, पूर्ण ताकद पणाला लावून जास्तीत जास्त वजन उचलण्याची परीक्षा कृत्रिम सांध्यावर घेऊ नये.

तालमीतले व्यायाम

आता ज्या प्रश्नाने सुरुवात केली तो. तालमीतली बैठक ही टाचा उचलून, पूर्ण खाली जाऊन, वेगाने आणि मोठ्या संख्येने मारायची असते. यांतली खोली नव्या खुब्याला मानवत नाही, आणि संख्या मोजण्याच्या ओघात पद्धत बिघडते. म्हणून पूर्ण बैठका आणि सपाटे सोडून द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. खुर्चीच्या उंचीपर्यंतची, टाचा टेकवलेली, सावकाश बैठक हातात वजन घेऊन केली, तर मांड्यांना पुरेसे काम मिळते. शंभराचा हिशेब सोडणे मनाला जड जाते, हे मी जाणतो, पण दहा जड आणि नेटक्या बैठका ताकद वाढवतात, तर शंभर घाईच्या बैठका दमश्वास वाढवतात.

जोर त्यामानाने लवकर परत येऊ शकतात. प्रथम भिंतीवर, मग ओट्यावर हात टेकून आणि मग जमिनीवर, असा क्रम ठेवावा. जमिनीवरून सुरक्षितपणे उठता येणे ही त्याची पूर्वअट आहे. जोर मारताना कंबर वर घेतल्यावर खुबा बराच वाकतो आणि छाती पुढे काढल्यावर पाय मागे ताणला जातो. पुढून छेद घेतलेल्यांनी ही शेवटची कमान दीर्घकाळ कमीच ठेवावी. मुद्गल आणि करेला ही गदेसारखी लाकडी साधने उभ्याने फिरवायची असल्याने खांद्यांबरोबर तोलाचाही चांगला सराव होतो. हलकी जोडी, पाय खांद्याइतके फाकवून, पाऊल न हलवता फिरवावी. कुस्तीच्या हौद्यातली माती खोऱ्याने उकरणे हा मात्र वाकणे, पिळणे आणि ओढणे एकत्र आणणारा कष्टाचा प्रकार आहे. तो तरुण पठ्ठ्यांवर सोपवावा. दोर चढताना हात निसटला, तर पायांवर आदळण्याचा धोका असतो, म्हणून तोही नको.

कुस्तीबद्दल संदिग्धता ठेवणे योग्य नाही. शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान ज्या गावात 1912 पासून उभे आहे, तिथे हे लिहिताना हात जड होतो, पण कृत्रिम खुबा घेऊन लढत करू नये. पट काढताना, म्हणजे समोरच्याचा पाय धरून ओढताना, आणि खाली आल्यावर खुब्याला जो पीळ बसतो, तो कोणाच्याही हातात राहत नाही. वस्ताद म्हणून हौद्याच्या काठावर उभे राहून डाव शिकवता येतात आणि ते अवश्य शिकवावेत.

आहार

स्नायू परत येण्यासाठी प्रथिने लागतात. साठ किलो वजनाच्या माणसाने दिवसाला साधारण 72 ते 90 ग्रॅम प्रथिने तीन-चार वेळांत विभागून घ्यावीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा. म्हशीच्या पाव लिटर दुधात नऊ-दहा ग्रॅम, एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. तांबडा-पांढरा रस्सा कितीही आवडता असला, तरी प्रथिने मटणाच्या फोडींत असतात, रश्श्यात फारशी नसतात. बदामाची थंडाई रोज जोर-बैठका मारणाऱ्या पैलवानाचा खुराक आहे. दिवसातून अर्धा तास चालणाऱ्याने ती तशीच घेतली, तर वाढलेले प्रत्येक किलो खुब्यावर कित्येक पटींनी उतरते. कट्ट्यावर मिळणारे धारोष्ण दूध या काळात टाळावे आणि उकळलेलेच घ्यावे, कारण कच्च्या दुधातून ब्रुसेलासारखे जंतू शरीरात जाऊ शकतात आणि कृत्रिम सांध्याला झालेला संसर्ग बरा करणे फार कठीण असते.

तातडीने थांबण्याची कारणे

पोटरीला सूज आणि दुखणे, अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे, ताप, जखमेतून स्राव, खुब्यात कट्‌ असा आवाज होऊन पाय आखूड किंवा वळलेला दिसणे आणि त्यावर उभे राहता न येणे, यांपैकी काहीही झाले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयात जावे. कित्येक महिन्यांनी, खुर्चीतून उठून पहिली पावले टाकताना जांघेत किंवा मांडीत नव्याने दुखू लागले आणि ते वाढत गेले, तर व्यायाम थांबवून एक्स-रे काढून घ्यावा. अशा वेळी ‘स्नायू आखडला असेल’ म्हणून मालिश करून घेत बसू नये.

खंड पडल्यावर

जुलै-ऑगस्टमधल्या पावसात, पंचगंगेला पूर आल्यावर किंवा ऊसतोडीच्या हंगामात व्यायामाला खंड पडतोच. आठवड्याभराच्या खंडानंतर आधीच्याच वजनाने, पण एक सेट कमी करून सुरुवात करावी. दोन-तीन आठवड्यांच्या खंडानंतर निम्म्या वजनाने सुरू करून तितक्याच आठवड्यांत मूळ वजनावर यावे. महिन्याहून अधिक खंड पडला असेल, किंवा मध्ये आजारपण झाले असेल, तर वजनाला हात लावण्यापूर्वी आरशासमोर एका पायावर तीस सेकंद उभे राहून पाहावे, आणि कंबर झुकली तर खुर्चीतून उठण्या-बसण्यापासून पुन्हा सुरुवात करावी.